फायबर होडीच्या बोल्टमधून पाणी झिरपते, काय लावावे?

प्रश्न : माझ्या फायबर होडीच्या मागच्या फळीवर फिश फाइंडरचा सेन्सर बसवला आहे. सिलिकॉन लावूनही बोल्टजवळ पाणी झिरपते. ५२०० लावू का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : ५२०० लावू नका. ३एमचे हे पॉलियुरेथेन इतके घट्ट धरते की पुढे सेन्सर काढताना फायबरचा वरचा थरही सोबत निघतो. कायमच्या जोडासाठी ते उत्तम. पण सेन्सर कधीतरी बदलावा लागणारच. त्यासाठी ३एमचेच कमी घट्ट धरणारे ४२०० किंवा सिकाफ्लेक्स २९१ हे सीलंट घ्या.

आधी जुने सिलिकॉन पूर्ण खरवडा. त्याचा पुसटसा थर राहिला तरी नवे काही चिकटत नाही. पॉलिश पेपरने घासून अ‍ॅसिटोनने पुसा.

खरी काळजी भोकाची. मागच्या फळीच्या आत बहुधा प्लायवुड असते. एवढे दिवस पाणी गेले म्हणजे ते कुजलेही असेल. भोकातून ओला, काळपट भुसा निघाला तर तो भाग आधी दुरुस्त करून घ्या. लाकूड चांगले असेल तर ते पूर्ण सुकवा, भोक थोडे मोठे करून इपॉक्सीने भरा आणि इपॉक्सी कडक झाल्यावर त्यातच नवे भोक पाडा. भोकाची बाहेरची कड किंचित उतरती करा, म्हणजे बोल्टभोवती सीलंटचे कडे बसते. आवळताना बोल्ट स्थिर धरून नट फिरवा. सगळे सीलंट पिळून बाहेर येईल इतके आवळू नका. ओले सीलंट स्पिरिटने पुसू नका, ते नीट धरत नाही.

१ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत, होडी आडोशाला असताना हे काम करा आणि पाण्यात उतरवण्याआधी आठवडाभर थांबा.