काचेतला समुद्र : पाणी केव्हा बदलावे?

द्वितीय वर्ष, कला

ओतूरसारख्या गावातील महाविद्यालयाच्या वार्षिकात समुद्री मत्स्यालयावर लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. आपल्याकडे माळशेजचा पाऊस आहे, मांडवी नदी आहे, पिंपळगाव जोगेचे धरण आहे. समुद्र मात्र घाट उतरून शंभर किलोमीटरहून अधिक दूर. तथापि ज्याच्याजवळ समुद्र नाही त्यालाच हा प्रश्न खऱ्या अर्थाने सोडवावा लागतो. बंद भांड्यातील खारे पाणी किती दिवसांनी बदलावे, हा तो प्रश्न. त्याच्या उत्तरात थोडे रसायनशास्त्र, थोडे अंकगणित आणि आपल्या शेतीच्या अनुभवातले बरेच काही आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

थोडा इतिहास

मासे भांड्यात पाळण्याची हौस जुनी आहे. परंतु पाणी न बदलता ते जगवावेत कसे, याचा शास्त्रीय विचार एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली मासे, गोगलगायी आणि पाणवनस्पती एकत्र ठेवून त्यांचा समतोल कसा साधतो हे मांडले. फिलिप हेन्री गॉस याचे मत्स्यालयावरील पुस्तक १८५४ साली निघाले. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी क्षार मिसळून समुद्राचे पाणी घरी बनविण्याची कृतीही त्याने त्याच वर्षी दिली. म्हणजे आपला प्रश्न पावणेदोनशे वर्षांचा आहे.

महाराष्ट्रात मत्स्यालय म्हटले की मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय आठवते. पारशी दानशूर तारापोरवाला यांच्या दोन लाख रुपयांच्या देणगीचा हातभार लागून मरीन ड्राइव्हवर ते उभे राहिले आणि १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. समुद्राच्या काठी असलेल्या अशा मत्स्यालयाला खारे पाणी हाताशी असते. गाळ बसवून, गाळणीतून घेऊन ते वापरता येते. घाटावरच्या माणसाला मात्र तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरावे लागते. म्हणून आधी पाणी खराब का होते ते पाहू.

पाणी खराब होते म्हणजे काय?

माशांच्या विष्ठेतून, श्वसनातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो अल्प प्रमाणातही माशांना विषासारखा आहे. सुदैवाने दगडांवर आणि वाळूत वाढणारे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे जीवाणू विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास वेगळे करून दाखविले. नवीन टाकीत त्यांची वाढ होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर प्राणी सोडण्याची घाई करू नये.

नायट्रेट तितके विषारी नाही, पण ते साचत जाते. आपण शेतात नत्रखत टाकतो तेव्हा पीक तरारते, त्याचप्रमाणे टाकीत नायट्रेट आणि फॉस्फेट वाढले की शेवाळ माजते आणि प्रवाळांना झाकून टाकते. प्रवाळ हा दगड नव्हे, वनस्पतीही नव्हे; तो प्राणी आहे. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. पाणी बिघडले किंवा फार तापले की ही भागीदारी मोडते व प्रवाळ पांढरा पडतो.

उलट काही गोष्टी पाण्यातून कमी होतात. प्रवाळ आपला चुनखडीचा सांगाडा पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन बांधतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ४०० ते ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. बंद टाकीत तो साठा संपत जातो. म्हणजे पाणी बदलण्याचे हेतू दोन : साचलेले काढणे आणि संपलेले भरणे.

भर घालणे आणि बदलणे यांतील फरक

येथे एक गफलत नेहमी होते. टाकीतील पाणी उन्हाळ्यात आटते. आटते ते केवळ गोडे पाणी, मीठ मागेच राहते. समजा, १०० लिटर पाण्यात दर लिटरला ३५ ग्रॅम क्षार आहेत. दहा लिटर पाणी उडाले तर तेच ३,५०० ग्रॅम क्षार ९० लिटरमध्ये उरतात आणि खारेपणा लिटरला जवळजवळ ३९ ग्रॅम होतो. ही तूट खाऱ्या पाण्याने भरली तर मीठ वाढतच जाईल. म्हणून आटलेल्या पाण्याची भर रोज, शुद्ध गोड्या पाण्याने घालावी. ती भर म्हणजे पाणी बदलणे नव्हे.

आपल्या शेतकऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. निचरा नसलेल्या जमिनीला सतत पाणी दिले की पाणी उडून जाते, क्षार वर येतात आणि जमीन खारवट, चोपण होते. अशा जमिनीला आणखी पाणी नव्हे, तर निचरा हवा असतो. टाकीचेही तसेच आहे. तिचा निचरा म्हणजे पाणी बदलणे.

किती आणि केव्हा : थोडे गणित

समजा, टाकीत दर आठवड्याला लिटरमागे २ मिलिग्रॅम नायट्रेट वाढते आणि दर आठवड्याला आपण १० टक्के पाणी बदलतो. नायट्रेट वाढत जाऊन शेवटी २० मिलिग्रॅमवर थांबेल. कारण २० चे १० टक्के म्हणजे २ काढले की १८ उरतात आणि आठवड्यात पुन्हा २ वाढून २० होतात. आवक आणि जावक तेथे सारखी होते. हेच २० टक्के बदलले तर मर्यादा १० मिलिग्रॅम येते. नियम सोपा आहे : दोन बदलांमधील वाढीला बदललेल्या हिश्श्याने भागावे, म्हणजे अखेरची पातळी मिळते.

आता दर आठवड्याला १० टक्के न बदलता चार आठवड्यांनी एकदम ४० टक्के बदलले तर? वाढ ८, तिला ०.४ ने भागले की २०. कमाल पातळी तीच! पण बदलानंतर ती एकदम १२ वर येते आणि पुन्हा २० पर्यंत चढते. सरासरी नायट्रेट उलट थोडे कमीच राहते. परंतु पाण्याचे सगळेच गुणधर्म एका दिवसात हलतात. प्रवाळाला पातळी थोडी जास्त असलेली चालते, ती सारखी बदललेली चालत नाही. म्हणून थोडे थोडे पण नियमित, हा अनुभवी लोकांचा कल आहे.

आणखी एक समजूत तपासून पाहू. १० टक्के पाणी दहा वेळा बदलले म्हणजे सगळे पाणी नवे झाले काय? नाही. प्रत्येक वेळी जुन्याबरोबर थोडे नवेही बाहेर जाते. दहा बदलांनंतर जुन्या पाण्याचा सुमारे ३५ टक्के भाग टाकीत शिल्लक असतो.

पाणी बदलून सर्व साधते काय?

हेच गणित कॅल्शियमला लावले म्हणजे मर्यादा कळते. भरपूर वाढणारे प्रवाळ आठवड्याला लिटरमागे १५ मिलिग्रॅम कॅल्शियम घेत असतील आणि आपण १० टक्केच पाणी बदलत असू, तर तूट १५० मिलिग्रॅमपर्यंत जाईल. म्हणजे ४२० चे २७० होईल. एवढ्या कमी कॅल्शियमवर सांगाडा वाढणार नाही. पाणी बदलणे येथे अपुरे पडते. पीटर विल्केन्स यांनी १९७०च्या दशकात यासाठी चुन्याची निवळी वापरण्याचा प्रसार केला. शुद्ध चुना गोड्या पाण्यात कालवायचा, गाळ बसू द्यायचा आणि वरची निवळी थेंबाथेंबाने आटलेल्या पाण्याच्या जागी सोडायची. मात्र ही निवळी अतिशय दाहक अल्कधर्मी असते. ती एकदम ओतली तर टाकीतील प्राणी मरतात.

दुसऱ्या बाजूने, पाणी अगदी थोडे बदलूनही टाक्या चालविण्याचे प्रयोग झाले आहेत. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ साली समुद्रातील जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश यांवर चालणाऱ्या टाकीचे वर्णन प्रसिद्ध केले. अमेरिकेत वॉल्टर एडी यांनी १९८०च्या सुमारास शैवालाच्या जाळीवरून पाणी खेळवून नत्र शोषून घेण्याची पद्धत पुढे आणली. शैवाल वाढते, ते खरवडून फेकायचे. नत्र त्याबरोबर बाहेर जाते. यांतही निचरा आहेच, फक्त तो पाण्याच्या रूपाने नाही.

प्रत्यक्ष कृती

सर्वसाधारण टाकीला आठवड्याला ५ ते १० टक्के, किंवा पंधरवड्याला १० ते २० टक्के पाणी बदलणे पुरेसे ठरते. मासे जास्त, अन्न जास्त, तर बदलही जास्त. अमोनिया वाढला, तांब्याचे औषध किंवा दुसरे विष चुकून पडले, तर वाट न पाहता ३० ते ५० टक्के पाणी बदलावे. तांबे हे प्रवाळांना आणि कोळंबीसारख्या प्राण्यांना घातक आहे.

नवे पाणी आदल्या दिवशी तयार करावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि शेतीच्या भागातील विहिरीत खतांचे नायट्रेट झिरपलेले असू शकते, म्हणून आर. ओ. यंत्राचे पाणी घ्यावे. घरचे मीठ चालत नाही. समुद्री क्षारांचे तयार मिश्रण लिटरला साधारण ३५ ते ४० ग्रॅम घालून पाणी खेळते ठेवावे. हायड्रोमीटरने घनता १.०२५च्या आसपास आहे आणि तापमान टाकीइतकेच आहे, याची खात्री करूनच ते ओतावे. जुने पाणी नळीने ओढताना तळाचा गाळही काढावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तारीख व मोजमाप वहीत लिहावे. वहीतील आकडे स्थिर असतील तर वेळापत्रक बरोबर आहे. ते चढत असतील तर आधी अन्न कमी करावे, मग बदल वाढवावा.

आपले प्रवाळ

हे सर्व वाचून कोणास मालवणहून प्रवाळ आणण्याचा मोह होईल, तर तो आवरावा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील समुद्रात जिवंत प्रवाळ आहेत आणि १९८७ साली तेथे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला उंचवटा आहे. त्यावरही प्रवाळ आहेत. २००१ साली दगडी प्रवाळांचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे. ते तोडणे वा विकणे हा गुन्हा आहे.

मग हा अभ्यास कशासाठी? शंभर लिटर पाणी नीट राखायला किती मोजमाप, किती नियम लागतो, हे कळले म्हणजे खाडीत सोडलेले सांडपाणी, शेतातून वाहून गेलेले खत आणि तापत चाललेले पाणी यांचा अर्थ कळतो. आपल्या शिवारातून वाहून जाणारे नत्र नदीवाटे कोठे तरी पोहोचतेच. टाकीचा मालक पाणी काढून नवे ओतू शकतो. समुद्राचे पाणी बदलायला दुसरा समुद्र नाही. तेथे घाण कमी सोडणे हा एकच उपाय उरतो, आणि तो आपल्या बांधापासूनच सुरू होतो.