झुडपे काढण्याचा योग्य हंगाम

होळी झाली, सुगीची कामे आटोपली की गावाचे लक्ष पडीक जमिनीकडे वळते. गायरानात, शाळेच्या आवारात, पाणंदीच्या दुतर्फा माजलेली झुडपे तोडण्याचे ठराव बहुधा याच सुमारास होतात. मजूर मिळतात, तोडलेला पाला लवकर वाळतो, तो पेटवून देणेही सोपे जाते. काम डोळ्यांत भरण्यासारखे होते. परंतु आषाढ सरण्यापूर्वीच तीच झुडपे अधिक फांद्या घेऊन वर येतात आणि गावाचा खर्च वाया जातो. येथे दोष मजुरांचा नसतो, कोयत्याचाही नसतो. दोष हंगामाच्या निवडीचा असतो.

उन्हाळ्यातील तोडणी का फसते?

उन्हाळ्यात झुडपाचा वरचा भाग सुकल्यासारखा दिसला तरी त्याचे साठविलेले अन्न मुळांत सुरक्षित असते. वरून तोडले किंवा जाळले तरी पहिल्या पावसाबरोबर बुंध्यातून नवे धुमारे फुटतात. पाऊस स्थिरावल्यावर मात्र स्थिती बदलते. मुळांतील साठा नव्या फुटव्यांवर खर्च झालेला असतो, माती मऊ झालेली असते आणि बी अद्याप धरलेले नसते. समूळ उपटण्यास हीच वेळ अनुकूल होय. शिवाय मे महिन्यात उघडा पडलेला उतार मृगाच्या पहिल्या सरींनी धुपतो, ही हानी वेगळीच.

वनस्पतीनुसार वेळ

टणटणी ऊर्फ घाणेरी ही मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. शोभेचे झुडूप म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ती भारतात आली आणि पुढे रानोमाळ पसरली. तिची पाने खाल्ल्यास गुरांना विषबाधा होते व यकृतास इजा पोहोचते. तिची पिकलेली काळी फळे बुलबुल, साळुंकी हे पक्षी खातात आणि बी दूरवर नेतात. म्हणून फळे पिकण्यापूर्वी, पावसाळ्यातच ती काढावी. नुसती छाटणी न करता जमिनीच्या किंचित खाली, खोड व मूळ यांच्या सांध्याखाली घाव घालून झुडूप उपटावे आणि मुळे वर करून उलटे ठेवावे. मुळे मातीस टेकली तर ते पुन्हा रुजण्याची भीती असते.

कोकणात व घाटमाथ्यावर रानमोडीचा उपद्रव मोठा आहे. ती हिवाळ्यात फुलते आणि तिचे हलके बी वाऱ्याबरोबर उडते. फुले येण्यापूर्वी ती काढली नाही तर एका गावाच्या हलगर्जीपणाचे फळ शेजारच्या गावास भोगावे लागते. शिवाय वाळलेली रानमोडी उन्हाळ्यातील वणव्यास इंधन पुरविते.

१९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले गाजरगवत हे झुडूप नसले तरी त्यालाही हाच नियम लागू पडतो. एका रोपापासून हजारो बिया तयार होतात. म्हणून ओल असताना व फुलोऱ्यापूर्वी ते मुळासकट उपटावे. त्याच्या स्पर्शाने अनेकांना त्वचेचे विकार जडतात. हातमोजे घातल्याखेरीज हे काम कोणी करू नये. मुलांना तर लावूच नये.

मजुरांची अडचण

पावसाळ्यात सारे गाव शेतात गुंतलेले असते, हा आक्षेप रास्त आहे. तथापि भाताच्या प्रदेशात लावणी आटोपल्यानंतर भात निसवेपर्यंत थोडी उसंत मिळते. इतरत्रही खुरपणीच्या पाळ्यांमध्ये काही दिवस मोकळे असतात. श्रावणातील ही उसंत ग्रामपंचायतीने आधीच हेरून ठेवावी. सर्व क्षेत्र एकदम हाती घेण्याऐवजी दरवर्षी पुरे करता येईल तेवढेच घ्यावे.

घ्यावयाची काळजी

करवंद, तोरण यांसारखी देशी झुडपे ओळखून राखावीत. माती धरून ठेवण्याबरोबरच ती गावाला रानमेवाही देतात. उतारावर सलग सफाई न करता आडवे पट्टे सोडून काम करावे. पावसाळ्यात अनेक पक्षी झुडपांत घरटी करतात. अंडी वा पिले असलेले झुडूप तूर्त तसेच ठेवावे. झुडपात हात घालण्यापूर्वी लांब काठीने ते हलवून पाहावे, कारण साप-विंचवांचा वावर याच दिवसांत अधिक असतो. जमीन वन विभागाची असल्यास त्या विभागाच्या अनुमतीशिवाय काम सुरू करू नये.

मोकळ्या झालेल्या जागी पावसाची ओल असतानाच मारवेल, पवन्या यांसारख्या चांगल्या गवतांचे ठोंब लावावेत. जागा रिकामी राहिली तर जमिनीत पडून असलेले टणटणीचे बी ती पुन्हा बळकावते. त्यामुळे पुढील दोन-तीन पावसाळे नवी रोपे उपटण्याची फेरी अनिवार्य समजावी.

गायरान हे ज्याच्याकडे स्वतःची जमीन नाही त्याच्या गुरांचे हक्काचे कुरण होय. ते झुडपांखाली गेले तर पहिली झळ त्यालाच बसते. म्हणून झुडपे काढण्याचा ठराव करताना किती मजूर लागतील याबरोबरच काम कोणत्या महिन्यात होणार, हेही ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदविले जावे.