काउंटर का चुकतो? आयसी बदलण्याआधी करायची तपासणी



आमच्या राहुरीच्या मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या चढवणाऱ्या एका हमालाची मुलगी माझ्या आठवीच्या वर्गात आहे. हमाली गोणीवर मिळते. मोजणी चुकली की पैसे चुकतात. म्हणून तिनं ठरवलं, विज्ञान प्रदर्शनासाठी गोण्या मोजणारा काउंटर करायचा. एक गोणी चढली की एकदा बटण दाबायचं.

साहित्य थोडंच: सीडी ४०२६ ही आयसी, कॉमन कॅथोड सेव्हन सेगमेंट डिस्प्ले, बटण, ब्रेडबोर्ड आणि ९ व्होल्टची बॅटरी. बटणाकडून एक पल्स आला की ही आयसी एकानं पुढे जाते आणि डिस्प्लेवर आकडाही तीच उमटवते.

जोडणी झाली. बटण दाबलं, तर ० वरून थेट ३! पुन्हा दाबलं, ४. मग ७. मध्येच आपोआप ०.

"सर, आयसी खराब आहे," ती म्हणाली. मीही हो म्हणालो. नगरहून नवी आणली. तीही तशीच वागली! न तपासता वस्तू बदलली, ही चूक माझी.

मग वहीत दोन प्रश्न लिहिले. बटणाला हात न लावता आकडा बदलतो का? की फक्त बटण दाबल्यावरच चुकतो? आणि एक नियम ठरवला: एका वेळी एकच बदल, मग पुन्हा चाचणी.

पायरी १: वीज
मल्टीमीटर बॅटरीवर न लावता थेट आयसीच्या १६ आणि ८ नंबरच्या पायांवर लावा. ब्रेडबोर्डची भोकं सैल असली तर फरक इथंच कळतो. आमची वीज ठीक होती.

पायरी २: मोकळे पाय
बटण न दाबता नुसता हात वायरजवळ नेला, तरी आकडा बदलायचा. कारण सापडलं. "रीसेट वापरायचाच नाही" म्हणून तिनं १५ नंबरचा पाय मोकळा सोडला होता. अशा आयसीचा मोकळा इनपुट ० ही नसतो आणि १ ही नसतो. आसपासच्या विजेच्या तारांचा, हाताचा परिणाम तो पकडतो. म्हणून १५ (रीसेट) आणि २ (क्लॉक इनहिबिट) ग्राउंडला, ३ (डिस्प्ले इनेबल) प्लसला जोडले. बटण सोडल्यावर १ नंबरचा क्लॉकचा पायही अधांतरी राहायचा. तो १०० किलोओहमच्या रेझिस्टरनं ग्राउंडला जोडला.

आता आपोआप ० होणं थांबलं. पण दाबल्यावरच्या उड्या तशाच!

पायरी ३: बटणाची थरथर
बटणातल्या पत्र्या एकमेकींवर आपटून काही मिलिसेकंद उसळतात. टेबलावर टाकलेलं नाणं थांबण्याआधी उड्या मारतं, तसंच. आपल्याला वाटतं एकदा दाबलं, आयसीला मात्र तीन-चार पल्स दिसतात. ती खोटं मोजत नव्हती, जे दिसलं ते मोजत होती.

उपाय: त्याच रेझिस्टरला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. १,००,००० × ०.००००००१ = ०.०१ सेकंद. म्हणजे साधारण १० मिलिसेकंद व्होल्टेज टिकून राहतं आणि मधल्या उड्या बुजतात. गोणी चढायला काही सेकंद लागतात, त्यामुळे खरी गोणी निसटत नाही.

शेवटची चाचणी
बटण ५० वेळा दाबलं. मैत्रिणीनं वहीत रेघा ओढल्या. दर दहाव्या वेळी आकडा ० वर आला. त्यानंतरच ५ नंबरच्या पायातून (कॅरी आउट) दुसऱ्या आयसीच्या क्लॉकला वायर नेली आणि दोन आकडी काउंटर झाला.

तिच्या वडिलांनी तो पाहिला आणि म्हणाले, "चांगलंय. पण पहिले आठ दिवस मी खडूच्या रेघाबी मारणार." मला हे फार आवडलं. नव्या यंत्रावर विश्वास ठेवायचा तो असाच, पडताळून.

पालकांना एकच विनंती. मुलाचं सर्किट बिघडलं तर लगेच नवीन भाग आणून देऊ नका. आधी विचारा, "नेमकं कधी चुकतं?"

तुमच्या वर्गात असा काही बिघाड सापडला असेल तर जरूर कळवा.