नर्सबाई वहीत आहे, उपकेंद्रात आहे का?



‘आपल्याकडे नर्स किती?’ हा प्रश्न सोपा वाटतो. पण वही बदलली की उत्तर बदलते.

पहिली वही नोंदणीची. शिक्षण पूर्ण झालेली नर्स महाराष्ट्र नर्सिंग परिषदेकडे नाव नोंदवते. पुढे ती परदेशी गेली किंवा काम सोडून घरी बसली, तरी नाव वहीत राहू शकते.

दुसरी वही मंजूर पदांची. सरकारी निकषाप्रमाणे मैदानी भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हवे. त्याप्रमाणे पदे मंजूर होतात. पण पद मंजूर झाले म्हणजे माणूस आला असे नव्हे.

तिसरी वही हजेरीची. नेमणूक एका गावात आणि काम दुसऱ्याच ठिकाणी, असेही घडते. आजारी माणसाच्या उपयोगाची ही तिसरी वहीच.

जागतिक आरोग्य संघटना देशोदेशींकडून हे आकडे मागवते. नोंदणी झालेले किती आणि प्रत्यक्ष काम करणारे किती, हे ती वेगवेगळे विचारते. १०,००० लोकांमागे डॉक्टर, नर्स व प्रसूती करणाऱ्या परिचारिका मिळून ४४.५ असाव्यात, असे तिने २०१६ मध्ये मांडले. पण देशाच्या सरासरीत मुंबईची मोठी रुग्णालये आणि आपले किनवट, जळकोट एकाच पोत्यात जातात. रिकामी खुर्ची त्यात दिसत नाही.

आपल्या आशाताई तर या ४४.५ मध्ये धरलेल्याच नाहीत. २०२२ मध्ये याच संघटनेने भारतातील आशांना पुरस्कार दिला. सरकारी भाषेत मात्र त्या ‘स्वयंसेविका’.

रिकाम्या जागांचा हिशेब बहुधा उशिरा निघतो. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळे होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांचा तपशील सरकारकडे मागितला. तोच प्रश्न आपण आधी विचारू शकतो.

काय करावे?

१. आपल्या उपकेंद्रात किंवा नागरी आरोग्य केंद्रात जाऊन प्रत्येक पदापुढे तीन रकाने भरा: मंजूर, भरलेले, आज हजर.

२. माहिती मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. गावासाठी तालुका आरोग्य अधिकारी कार्यालयात, शहरासाठी महापालिकेच्या आरोग्य विभागात. फी १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला फी नाही, दाखल्याची प्रत जोडावी. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे.

३. अर्जात एवढेच लिहा: ‘अमुक केंद्रातील मंजूर, भरलेली व रिक्त पदे, आणि प्रत्येक पद किती तारखेपासून रिक्त आहे, याची माहिती द्यावी.’

४. आलेले उत्तर विहारात सर्वांसमोर वाचा आणि ग्रामसभेत किंवा नगरसेवकासमोर ठेवा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. केंद्रात हजर असलेल्या नर्सबाईवर राग काढू नका. ती कदाचित दोघींचे काम एकटी करीत असेल. आपला प्रश्न रिकाम्या खुर्चीबद्दल आहे.