‘श्यामची आई’वर नाटक : परवानगी कोणाची?

प्रश्न : आमच्या मंडळाला ‘श्यामची आई’वर तिकीट लावून नाटक करायचे आहे. कोणाची परवानगी घ्यावी?

उत्तर : पुस्तकासाठी कोणाचीच नाही. आपल्याकडे साहित्याचा कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ही वर्षे मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. लेखक साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून पुस्तक सर्वांसाठी खुले झाले. पूर्वी मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथांचे साहित्य खुले व्हायच्या बेतात होते तेव्हा ती वाढवली गेली. वाचकांचे त्यात नुकसानच झाले, असे माझे मत.

खरी मेख आहे ती या पुस्तकावरच्या १९५३ च्या चित्रपटात. चित्रपटाची मुदत प्रदर्शनानंतर ६० वर्षे. ती २०१३ अखेर संपली. गाण्यांचा हिशेब मात्र वेगळा! त्यातली काही गाणी लिहिणारे अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यांचे शब्द २०२९ अखेरपर्यंत बांधलेले. संगीतकार वसंत देसाई १९७५ मध्ये गेले, त्यांचे संगीत २०३५ अखेरपर्यंत. दुसऱ्या कोणाचे तयार नाट्यरूपांतर घेणार असाल तर त्या लेखकाचा हक्क स्वतंत्र. संहिता मूळ पुस्तकावरून स्वतः लिहा, आणि चित्रपटातली गाणी हवीच असतील तर हक्कधारकांची लेखी परवानगी आधी घ्या.