बाई गायला बसण्याआधी

अगं, लॅपटॉपवर उबुंटू स्टुडिओ हे लिनक्स टाकलंस आणि आता नाणे मावळातल्या वाड्यांमधून ओव्या, भजनं रेकॉर्ड करायचीत असं कळवलंस, तेव्हापासून जे जे आठवतंय ते लिहून काढते आहे. सगळ्यात आधी एक गोष्ट. ऐंशी वर्षांची बाई मनापासून गाते ती एकदाच. तिला समोर बसवून तू सेटिंगं शोधत राहिलीस, तर ती थोडा वेळ बघते आणि ‘असू दे, चहा टाकते’ म्हणून उठते. पुन्हा बसली तरी सूर तो लागत नाही. म्हणून यंत्राची सगळी झटापट तिच्या उंबऱ्याबाहेर संपली पाहिजे. पुढचं सगळं सांगणं त्यासाठीच आहे.

तुझं इन्स्टॉल झालंय, पण उद्या मंडळातलं दुसरं कुणी जुना लॅपटॉप घेऊन येईल. तेव्हा डिस्कला हात लावू नकोस. पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालू कर, माइक जोडायचा इंटरफेस लाव, माइकमध्ये बोल, हेडफोनात ऐक. एवढं जमलं तरच पुढे जा. लाइव्हमध्ये जे दिसत नाही, ते बसवल्यावरही सहसा दिसत नाही. रॅम ८ जीबी असली आणि फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी टाकली, की आठ-दहा वर्षांचं मशीनही आपल्या कामाला पुरतं. आवृत्ती घ्यायची ती दीर्घ मुदतीची, म्हणजे २४.०४ सारखी. आणि काम चालू असताना अपग्रेड करायचं नाही. दिवाळी ते होळी आपला रेकॉर्डिंगचा हंगाम. जे काही बदलायचं ते पावसाळ्यात.

इंटरफेस विकत घेताना दुकानदाराला लिनक्सबद्दल विचारू नकोस, तो गोंधळतो. ‘आयपॅडला ड्रायव्हरशिवाय चालतो का?’ एवढं विचार. चालत असेल तर तो यूएसबीच्या ठरलेल्या नियमाने बोलणारा आहे, आणि असा इंटरफेस लिनक्समधला अल्सा आपणहून ओळखतो. सीडी नको, डाउनलोड नको. तुझ्याकडे तिसऱ्या पिढीचा स्कार्लेट आहे, त्याची एक खोड लक्षात ठेव. नवा असताना तो स्वतःला पेनड्राइव्हसारखा दाखवतो, नोंदणीचं पान उघडायला सांगतो, आणि तोवर पूर्ण कामाला लागत नाही. ४८ व्होल्टचं बटण दाबून धरून केबल लाव, म्हणजे ती अवस्था जाते. केबल थेट लॅपटॉपला लावायची. हबमधून लावलेला इंटरफेस आज चालेल आणि नेमका ओवीच्या मध्यावर अडेल.

आता लोक ज्यात सगळ्यात जास्त अडकतात ते. अल्सा, पल्स, जॅक, पाइपवायर ही नावं ऐकून घाबरायचं कारण नाही. अल्सा कर्नलमध्ये असतो आणि यंत्राशी बोलतो. बाकीचे त्याच्यावर बसून आवाज इकडून तिकडे नेतात. पल्स रोजच्या ऐकण्यासाठी होता, जॅक स्टुडिओच्या कामासाठी, आणि पाइपवायर आता दोघांचं काम एकट्याने करतो. तुला एक माइक, फार तर दोन माइक आर्डर ह्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचेत. मग मधल्या कुणाची गरजच नाही. आर्डर उघडताना ऑडिओच्या खिडकीत ‘अल्सा’ निवड, खाली आपला इंटरफेस निवड, ४८ हजारांचा सॅम्पल-दर ठेव आणि चालू कर. तेवढा वेळ ब्राउझरचा आवाज त्या इंटरफेसवर येणार नाही, आणि ते चांगलंच आहे. व्हॉट्सअ‍ॅपची टिंग कुणाच्या अभंगावर पडायला नको. हायड्रोजन ह्या ड्रम-मशीन सॉफ्टवेअरमधला ठेका आर्डरमध्ये आणायचा असेल, एका सॉफ्टवेअरची तार दुसऱ्याला जोडायची असेल, तेव्हा जॅक किंवा पाइपवायरकडे जा.

हा आर्डर पॉल डेव्हिस नावाच्या माणसाने १९९९ च्या अखेरीस लिहायला घेतला. जॅकही मुळात त्याचंच काम. उबुंटूच्या भांडारातून आर्डर फुकट मिळतो, आणि त्यांच्या स्वतःच्या जागेवरून तयार प्रत घेतली तर थोडे पैसे मागतात. फुकट घे, काम सुरू कर, आणि पहिली बिदागी मिळाली की त्यातून थोडे त्यांना पाठव. इतकी वर्षं कुणीतरी बसून हे सांभाळतंय म्हणून आपल्याला स्टुडिओचं भाडं पडत नाही.

बफरचं, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी उचलतो त्या आवाजाच्या तुकड्याचं, मात्र नीट समजून घे. व्हिडिओ बघून बघून मुलं बफर ६४ वर आणतात आणि मग आवाजात कटकट ऐकू येते म्हणून रडतात. हिशेब साधा आहे. ४८ हजारांच्या दराला २५६ चा बफर म्हणजे साधारण ५ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे साधारण २१. छोटा बफर लागतो कधी, तर कीबोर्ड वाजवून त्याचा आवाज कॉम्प्युटरमधून घ्यायचा असतो तेव्हा; बोट पडल्यावर सूर उशिरा आला तर वाजवता येत नाही. पण समोरची बाई स्वतःच्या गळ्याने गातेय. तिला कॉम्प्युटरमधून स्वतःला ऐकायचंच नाही. तुला हेडफोनात ऐकायचं तर इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण आहे. त्यात आवाज कॉम्प्युटरपर्यंत न जाता सरळ कानात येतो. ते दाब, आर्डरमधलं मॉनिटरिंग बंद कर आणि बफर खुशाल १०२४ ठेव. मग जुना लॅपटॉपही तासभर दमत नाही. ओवीला, भजनाला, कीर्तनाला छोट्या बफरची काही गरज नाही, कुणी कितीही सांगो.

कटकट म्हणजे काय तेही सांगते. ठरलेल्या वेळात कॉम्प्युटरला आवाजाचा तुकडा उचलता आला नाही की तो तुकडा गळतो, त्याला एक्सरन म्हणतात. आर्डर त्याची मोजणी दाखवतो. ती शून्य राहिली पाहिजे. वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद, प्रोसेसर ‘परफॉर्मन्स’वर, स्क्रीन मिटण्याची सोय बंद. तुझं नाव ‘ऑडिओ’ गटात आहे का ते बघ. उबुंटू स्टुडिओ ही जुळवणी बहुतेक आधीच करतो, पण साध्या डेबियनवर जॅक बसवताना रिअल-टाइम प्राधान्य द्यायचं का असा प्रश्न येतो, तिथे ‘हो’ म्हणायचं, नाव गटात घालायचं आणि मग लॉगआउट करून परत आत यायचं. बरेच जण हे शेवटचंच विसरतात. वेगळा रिअल-टाइम कर्नल स्वतः बांधायला मात्र बसू नकोस. ते काम वीसेक वर्षं बाहेर चाललं होतं, २०२४ च्या नोव्हेंबरात ६.१२ च्या कर्नलबरोबर मुख्य प्रवाहात आलं. आणि आपल्या कामाला त्याचीही गरज पडत नाही. जायच्या आदल्या रात्री घरी रिकाम्या खोलीत अर्धा तास रेकॉर्डिंग लावून ठेव. अर्ध्या तासाने मोजणी शून्य असेल तर त्यानंतर कुठल्याच सेटिंगला हात लावायचा नाही. आर्डरमध्ये त्याच सेशनचा टेम्पलेट करून ठेव, म्हणजे तिथे गेल्यावर फक्त नाव टाकायचं आणि लाल बटण दाबायचं.

आता आपल्या मुलखाचं. हे कुठल्याही व्हिडिओत सापडणार नाही.

वीज गेली की खूश हो. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असेल तर इंटरफेस त्याच्यावरच चालतो, माइकचे ४८ व्होल्टही त्यातूनच येतात. आणि वीज गेल्यावर फ्रीज, पंखा, शेजारचा टीव्ही, विहिरीवरची मोटर, पिठाची गिरणी, सगळं एकदम गप्प होतं. वीज असली तरी चार्जर काढूनच रेकॉर्ड कर. गावाकडच्या प्लगांना अर्थिंग धड नसतं, आणि ती घूं अशी गुणगुण मागाहून पूर्ण काढता येत नाही.

पत्र्याच्या घरात जून ते सप्टेंबर रेकॉर्डिंगचं नावच काढू नकोस. पवन मावळात काय, नाणे मावळात काय, सर आली की पत्र्याखाली समोरचं बोलणं ऐकू येत नाही. लोणावळ्याची दमट हवा माइकला आणि पखवाजाला सारखीच वाईट. माइक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेव, पुड्या गुलाबी किंवा हिरव्या पडल्या की बदल.

आगगाडी मोठा प्रश्न. कामशेत, मळवली, लोणावळा, सगळी वस्ती रुळाला धरून. घाट चढवायला कर्जतला लावलेली जादा इंजिनं लोणावळ्याला सुटतात, त्यांच्या शिट्ट्या वेगळ्याच. लोकलचं वेळापत्रक खिशात ठेव आणि दोन गाड्यांच्या मधली फट साध. द्रुतगती मार्गाची घरघर तर रात्रंदिवस असते. ती खालच्या पट्टीतली असल्यामुळे आर्डरमध्ये ८० हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर गळ्याच्या ट्रॅकवर लावता येतो. रेकॉर्ड करताना नाही, नंतर. आणि पखवाजाच्या ट्रॅकवर तो चुकूनही लावू नकोस, डाव्या पुडीचा सगळा घुमार निघून जाईल. त्या पुडीवर कणीक ताजी लावायला सांग. वाळलेल्या कणकेचा आवाज कुठल्याच प्लगइनने दुरुस्त होत नाही. चैत्रात एकवीरेच्या यात्रेच्या दिवसांत कार्ला-वेहेरगावच्या अंगाला शांतता शोधू नकोस. तेव्हा माइक घेऊन पालखीचाच आवाज भर.

घरात कुठे बसवायचं? फरशीच्या, चार उघड्या भिंतींच्या खोलीत नको. जिथे कपडे, पोती, अंथरुणं आहेत ती खोली धर. बाईच्या समोरच्या भिंतीवर आणि पाठीमागे गोधड्या टांग. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला, म्हणजे प-फ-भ चा फटका बसत नाही. पातळी अशी ठेव की मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. २४ बिटमध्ये हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो, लाल झालेला परत येत नाही. क्लिकट्रॅक कानात देऊ नकोस. ती जात्याच्या फेऱ्यावर गाते, तिचा ताल तिच्या हातात आहे.

आणि जातं असेल तर ते फिरू दे. आवाज स्वच्छ हवा म्हणून जातं थांबवलं तर ओवी आठवतच नाही असं सांगणाऱ्या बायका पुष्कळ. दुसरा माइक जात्याकडे जमिनीलगत ठेव, वेगळ्या ट्रॅकवर घे. मग दोन्हींचं प्रमाण घरी निवांत बसून ठरव.

हे काम आपल्या आधी फार मोठ्या माणसांनी केलंय, ते माहीत असू दे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ ह्या दोघांनी शेजारच्या मुळशीपासून सुरुवात करून महाराष्ट्रभरातल्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात बर्नार बेल हे फ्रेंच संगणक-संगीतज्ञ त्यांना मिळाले आणि आवाजही साठवला जाऊ लागला. गी २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. आज ‘पारी’ ह्या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात ते आवाज कुणालाही ऐकता येतात. ह्याच बेल यांनी जिम किपेन यांच्याबरोबर तबल्याचे कायदे समजून घेण्यासाठी १९८० च्या दशकात बोल प्रोसेसर नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं. आज ते मुक्त आहे आणि लिनक्सवरही चालतं. भाज्याच्या लेण्यात वाद्य वाजवणारी बाई दगडात दोन हजार वर्षं टिकली, तिचा ताल मात्र गेला. आपल्या गावच्या बायकांचा जाऊ नये, एवढं तुझ्या हातात आहे.

म्हणून फायलींची हयगय नको. आर्डरचं सेशन म्हणजे एक आख्खं फोल्डर असतं. कॉपी करायचं ते सगळं, नुसती एक फाइल नाही. आतले आवाज साध्या वेव्ह फायलींत असतात, उद्या आर्डर नसला तरी कुठेही उघडतील. एका माइकचा एक तास २४ बिटला साधारण ५२० एमबी घेतो, तेव्हा जागेची काटकसर करून एमपी३ मध्ये मूळ रेकॉर्डिंग करण्यात काही अर्थ नाही. साठवायला फ्लॅक कर, त्यात काहीही न गमावता जागा वाचते. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तूच माइकमध्ये गाव, तारीख आणि बाईचं नाव बोल, आणि हे बाहेर ऐकवलं तर चालेल का ते तिला विचार. तिचं उत्तरही त्यातच राहू दे. नाही म्हणाली तर नाही. त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर प्रत टाक, एक माझ्याकडे कामशेतला आणून ठेव. आणि ऑडेसिटीतून एक एमपी३ काढून तिच्या नातवाच्या फोनवर लगेच पाठव, दुसऱ्या दिवसावर ढकलू नकोस. घरातले सगळे जेवायला बसलेले असताना तिला ते ऐकायचं असतं.