रविवारची यादी

भद्रावती हे पाळ्यांवर चालणारं गाव आहे. एका अंगाला आयुध निर्माणी, दुसऱ्या अंगाला वर्धा खोऱ्यातल्या कोळसा खाणी. ज्याच्यासोबत आठ तास राबायचं, बहुतेकदा त्याच्याच शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचं. त्यामुळे कामावरचं भांडण गेटवर थांबत नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं कोणाकडे गेलं नाही, यावरूनही वसाहतीला त्याचा पत्ता लागतो.

मी इथल्या एका उघड्या खाणीत ओव्हरमन, म्हणजे पाळीवर देखरेख करणारा, होतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त कटुता रविवारच्या ड्यूटीवरून यायची. आठवड्याची सुट्टी तेव्हा 1952 च्या खाण कायद्यानं दिलेली होती, पण खाणीला रविवारीही माणसं लागायची आणि त्या दिवसाची मजुरी दुप्पट मिळायची. मुलीची फी, घराचा हप्ता, सगळं त्या पैशावर बसवलेलं. आणि कोणाला बोलवायचं ती यादी कुठे? शिफ्ट इन्चार्जच्या खिशातल्या डायरीत.

दोन डंपर ऑपरेटर होते. एकाच गावचे, दोघांचीही शेती खाणीत गेलेली, त्या बदल्यात नोकरी लागलेली. त्यातल्या एकाचं नाव रविवारी येणं बंद झालं. "थ्यानंच सायबाचे कान भरले, मले मालूम आहे," असं तो कॅन्टीनमध्ये बोलला आणि ते जिथे पोचायचं तिथे पोचलं. पुढे शिवीगाळ झाली. दोघांना मेमो मिळाले, पाळ्या वेगळ्या केल्या आणि वरच्यांनी भांडण मिटलं असं धरून घेतलं. पण पाळी बदलताना डंपर एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातोच. एका पहाटे गाडी सोडणाऱ्यानं ब्रेक नीट लागत नाही हे गाडीच्या वहीत लिहिलं, तोंडानं सांगितलं नाही. घेणाऱ्यानं त्याच्या हातची वही उघडली नाही. उतारावर गाडी कडेच्या मातीच्या बांधावर चढली. जीव वाचला, पाय मोडला.

चौकशीत ब्रेकबद्दल विचारलं, वहीबद्दल विचारलं. यादीबद्दल कोणी विचारलं नाही, याचं दुःख मला आजही आहे. आमच्याकडे नियम तोंडी होता आणि भांडण लेखी. हे नेमकं उलटं हवं होतं.

म्हणून ज्यांच्या हाताखाली चार माणसं आहेत, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. जिथे पैसा, सुट्टी किंवा पाळी वाटायची असते, तिथली यादी फळ्यावर लावा. पाळीपाळीनं नावं, कोणी नकार दिला तर तेही. पुढे आमच्याकडे फळा लागला, तेव्हा कुरबुर संपली नाही, पण ती माणसावरून यादीवर आली, आणि यादी दुरुस्त करता येते.

तक्रार मात्र आधी तोंडी ऐका, आणि लवकर. दोघांना वेगवेगळं भेटा, मग एकत्र. रात्रपाळी सुटल्यावर कधीच नको. झोपेनं जड झालेला माणूस समजुतीचं ऐकत नाही. चारचौघांत माफी मागायला लावू नका. कोण चुकलं हे विचारण्याआधी काय हवंय ते विचारा. पहिल्या पाळीसाठी आमच्याकडचे आणखी दोन कामगार महिनोन्महिने अडून बसले होते. एकाला दुपारी वावरात जायचं होतं. दुसऱ्याची आई आजारी, त्याला फक्त रात्र नको होती. दुसरी पाळी त्याला चालली असती. ते त्याला कोणी विचारलंच नव्हतं. अमेरिकेतल्या व्यवस्थापन-विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांनी 1925 मध्येच हे मांडलं होतं: एकानं जिंकणं किंवा दोघांनी थोडंथोडं सोडणं यापलीकडे तिसरी वाट असते, दोघांची खरी गरज भागवणारी. जे ठरेल ते दोघांसमोर लिहा आणि एक पगार झाल्यावर पुन्हा विचारा.

पण सगळ्यातच समेट घालू नये. जातीवरून शिवी, बाईमाणसाचा छळ, सुरक्षेशी खेळ यात "जाऊ द्या ना भाऊ" म्हणणारा अन्यायाच्या बाजूनं उभा असतो. छळाच्या तक्रारीसाठी 2013 च्या कायद्यानं दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची केली आहे. तिथेच जावं.

बाकी तक्रारींसाठी 2020 ची औद्योगिक संबंध संहिता आहे; ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी, तीत मालकाचे आणि कामगारांचे सदस्य सारखे, जास्तीत जास्त दहा. वाद उद्भवल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा, समितीनं तीस दिवसांत निकाल द्यायचा. निकाल पटला नाही तर साठ दिवसांच्या आत युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाता येतं. कोळसा खाणीचा वाद केंद्राच्या कामगार यंत्रणेकडे जातो, राज्याच्या नाही. आपली बरीच माणसं आधी चुकीच्या कार्यालयात खेटे घालतात आणि तेवढ्यात मुदत निघून जाते. जाताना हजेरीचा उतारा आणि त्या महिन्यांच्या रविवारच्या याद्यांची नक्कल सोबत न्या.